शेंगदाण्यापलीकडचा कार्व्हर

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची ओळख मुलांना बहुधा एका वाक्यात करून दिली जाते : पीनट बटरचे जनक. ते खरे नाही. शेंगदाण्याच्या लगद्याचे अमेरिकी पेटंट १८८४ मध्येच मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसन यांना मिळाले होते. तेव्हा कार्व्हर जेमतेम विशीत होते.

मराठी घरांत हे चरित्र पोहोचले ते वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे. गुलामीतला जन्म, तान्हेपणी आईसह झालेले अपहरण, घोड्याच्या मोबदल्यात झालेली सुटका हे मुलांना लगेच भिडते. आई मात्र परतली नाही, हेही सांगायला हवे.

१८९६ मध्ये ते अलाबामातील टस्कीगीला आले. वर्षानुवर्षे केवळ कापूस घेतल्याने तिथली जमीन निकस झाली होती. पण सावकार उधारी देई ती कापसावरच. म्हणून खंडकरी कृष्णवर्णीय शेतकऱ्याला पीक बदलणेही सोपे नव्हते. कार्व्हरांनी चवळी, भुईमूग, रताळी सुचवली. विकले गेले नाही तरी घरच्यांच्या पोटात जाईल असे हे पीक! १९०६ पासून खेचरांनी ओढलेली गाडी हे ज्ञान थेट बांधावर नेऊ लागली. भुईमुगाच्या १०५ पाककृतींची १९१६ ची पुस्तिका याच खटपटीतली.

मुलांना हे शिकवताना भुईमुगाचे रोप उपटून मुळांवरच्या गाठी दाखवाव्यात. त्यांतले जीवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. गाठ चिरली की आत गुलाबी दिसते.