व्हेनिसचे आरोग्यदफ्तर

ॲड्रियाटिक समुद्राच्या शिरोभागी, उथळ खाडीतील शंभरावर लहानमोठ्या बेटांवर वसलेल्या व्हेनिस नगरीचे सारे वैभव पूर्वेकडून येणाऱ्या गलबतांवर अवलंबून होते. आणि रेशीम, मसाले, कापूस व लोकर यांच्या गठ्ठ्यांबरोबर त्याच गलबतांतून महामारीही उतरते, हे १३४८ च्या भीषण संहाराने तिला शिकविले होते. बंदर खुले ठेवावे तर माणसे मरतात आणि बंद करावे तर पोट भरत नाही, अशा कोंडीत सापडलेल्या त्या प्रजासत्ताकाने पुढील दोन शतकांत जो बंदोबस्त उभारला, तो युरोपच्या वैद्यकेतिहासात मला कोणत्याही नामांकित शारीरग्रंथाइतकाच मोलाचा वाटतो.

रोगग्रस्त मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थोपवून धरण्याचा कायदा समोरच्या किनाऱ्यावरील रागुझा नगराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्निकने, १३७७ मध्येच केला होता. व्हेनिसने त्याच्यापुढे पाऊल टाकले. १४२३ मध्ये लिदोनजीकच्या एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी सरकारी खर्चाने कायमचे रुग्णालय काढण्यात आले, आणि १४६८ मध्ये दुसऱ्या बेटावर, ज्यांना रोग झालेला नाही पण ज्यांचा संशय आहे अशा माणसांसाठी व मालासाठी, वेगळे ठाणे वसविण्यात आले. रोगी आणि संशयित यांत केलेला हा भेद आज आपल्याला साधा वाटतो. परंतु रोग कशाने होतो याची कोणालाच कल्पना नसलेल्या काळात तो करणे, हे मोठ्या विवेकाचे काम होते.

१४८६ मध्ये या साऱ्या कारभारावर उमरावांचे एक स्थायी आरोग्यमंडळ नेमले गेले, आणि त्याच्या दफ्तराने हळूहळू नगरातील प्रत्येक मृत्यूवर नजर ठेवली. मृताचे नाव, वय, वस्ती, दुखण्याचे नाव आणि ते किती दिवस चालले, याची नोंद रोजच्या रोज होई. परगावच्या प्रवाशाला, तो निरोगी स्थळाहून निघाला असल्याचा दाखला दाखविल्याखेरीज वेशीतून आत घेत नसत. संशयित गलबतावरील माल नव्या ठाण्यातील शंभर मीटरांहून लांब अशा वखारीत उतरवून घेत, हमाल गठ्ठे सोडून कापूस व लोकर पुनःपुन्हा उलथून वाऱ्यावर टाकीत, काही जिनसांना सुगंधी वनस्पतींची धुरी देत आणि पत्रे व्हिनेगरमधून काढीत. त्या वखारीच्या भिंतींवर हमालांनी, पहारेकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी लाल रंगात लिहून ठेवलेली नावे, खुणा आणि गलबतांच्या वार्ता अद्याप वाचता येतात.

वेरोना येथील वैद्य जिरोलामो फ्राकास्तोरो याने संसर्गाची बीजे स्पर्शाने, वस्त्रादि पदार्थांच्या द्वारे आणि दुरूनही पसरतात, असा सिद्धांत मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला तो १५४६ मध्ये. म्हणजे शास्त्राने ज्याची उपपत्ती पुढे दिली, ते आचरण कारकुनांनी आणि हमालांनी शतकभर आधीच सुरू केले होते.

शास्त्र आणि दफ्तर यांची खरी कसोटी १५७६ च्या उन्हाळ्यात लागली. आदल्या वर्षापासून नगरात तुरळक मृत्यू होत होते आणि आरोग्यमंडळ हा प्लेगच असल्याचे सांगत होते. तेव्हा पादुआ विद्यापीठातील थोर पंडित जिरोलामो मेर्कुरियाले आणि त्याचा सहकारी कापोदिवाक्का यांना पाचारण करण्यात आले. प्लेग असता तर एव्हाना मृत्यूंची संख्या कितीतरी वाढली असती, सबब हा खरा प्लेग नव्हेच, असा निर्वाळा त्यांनी दिला, आणि आपल्या वचनावरील निष्ठेने ते घरोघर हिंडून रोग्यांना तपासू लागले. त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या व्यापारी नगरीला ते मत ऐकावयाचेच होते, तिने निर्बंध सैल केले आणि मृत्यूंचा आकडा झपाट्याने चढला. काही आठवड्यांतच पंडितांना निरोप देण्यात आला. जुन्या ठाण्यात रोग्यांना जागा पुरेना. नव्या ठाण्याभोवती संशयितांनी भरलेल्या होड्यांचे तांडे नांगरून ठेवावे लागले. रोक्को बेनेदेत्ती या तत्कालीन दस्तऐवज-लेखकाने पहिल्या बेटाला नरकाची उपमा दिली आहे. चित्रकार तित्सियानो त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वारला. साथ ओसरेपर्यंत व्हेनिसमध्ये सुमारे ५०,००० माणसे दगावली होती.

या बंदोबस्ताचा भार सर्वांवर सारखा पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. श्रीमंत मनुष्य आपल्या ग्रामीण हवेलीत निघून जाई. दरिद्री माणसाचे अंथरूण जाळले जाई, घराला टाळे लागे आणि भिकाऱ्यांना शहराबाहेर हुसकून देण्यात येई. कोंडलेल्या कुटुंबांना सरकारातून अन्न मिळे खरे. पण रोजगार बुडालेल्या विणकऱ्याचे नुकसान त्याने भरून निघण्यासारखे नव्हते. शिवाय बंदोबस्त अभेद्यही नव्हता: १६३०–३१ मध्ये पुन्हा सुमारे ४६,००० नागरिक मेले. मात्र त्यानंतर व्हेनिसवर तसा संहार ओढवला नाही, आणि तिचे नियम मार्सेयपासून माल्टापर्यंतच्या बंदरांनी उचलले. मार्सेयला १७२० मध्ये एका गलबताच्या मालाबाबत, व्यापाऱ्यांच्या हितासाठी, तेच नियम शिथिल झाले तेव्हा त्या नगरातील निम्म्याच्या आसपास लोक मृत्युमुखी पडले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा त्याचा विचार करण्यासाठी युरोपीय सरकारांची आरोग्यपरिषद १८९७ मध्ये भरली ती व्हेनिस येथेच. पुढच्या वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने उंदरावरील पिसू हा रोग पसरविते, हे प्रयोगाने दाखविले. तोवर व्हेनिसच्या हमालांनी वाऱ्यावर टाकलेल्या त्या पहिल्या गठ्ठ्यांना चारशेहून अधिक वर्षे झाली होती.