पाऊस मोजायची मापं

नाशिकची जुनी माणसं गोदावरीचा पूर फुटात सांगत नाहीत. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागला, कमरेला लागला, असं सांगतात. 1969 चा मोठा पूर त्यांनी याच मापानं लक्षात ठेवला. आमचे वडील कोरडवाहू माणूस. त्यांचं माप म्हणजे ओल. माती उकरायची, वीतभर ओल गेली की पेरणी.

सरकारी माप तालुक्याच्या पर्जन्यमापकाचं. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून मिलिमीटरमध्ये मांडायचं. त्या आकड्यांनीच जिल्ह्याचं खरं रूप दाखवलं. इगतपुरीला वर्षाला तीन हजारांच्या वर, आमच्या येवल्याकडं पाचशे-सहाशे. म्हणून आम्ही आपल्या ढगाआधी दिंडोरीचा पाऊस विचारतो. करंजवण, वाघाड भरलं तर पालखेडच्या डाव्या कालव्याला पाणी, अन् तेव्हा आमचा कांदा, गहू.

2005 च्या कायद्यानं समन्यायी वाटप आलं. जायकवाडीत साठा कमी, तर वरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचं. नाशिक-मराठवाड्याचं भांडण मिटवायलाही शेवटी आकडाच लागतो.

आता महसूल मंडळात यंत्रं बसली. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी. पण यंत्र एका गावी अन् ढगफुटी दुसऱ्या शिवारात, असं झालं की वाहून गेलेलं रान कागदावर कोरडंच राहतं. गावोगाव पाऊस मोजला पाहिजे, तो एवढ्यासाठी.