झाडावरील शिक्का

वनातील तोडीच्या हत्यारांत कुऱ्हाडीचे नाव सर्वांस ठाऊक असते. परंतु कुऱ्हाडीस अनुज्ञा देणारा लहानसा हातोडा फारसा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. त्याच्या तोंडावर अक्षर वा चिन्ह उलटे कोरलेले असते आणि मोर्तबाप्रमाणे ते लाकडावर सुलटे उमटते. फ्रान्समधील वनाधिकाऱ्यांच्या हातोड्यास एका अंगास साल तासण्याचे पाते व दुसऱ्या अंगास सरकारी अक्षरे असत. हिंदुस्थानच्या वनखात्यात येणारे तरुण इ. स. १८६७ पासून त्याच देशातील नान्सी येथे आणि जर्मनीत शिक्षण घेऊ लागले. तेव्हा हे हत्यार त्यांच्या परिचयाचे झाले असणारच.

खूण दोन ठिकाणी करतात. साल तासून एक छातीच्या उंचीवर, ती तोडणाऱ्यासाठी. दुसरी जमिनीलगत बुंध्यावर, ती तपासणाऱ्यासाठी. झाड पडले, ओंडका गाडीतून दूर गेला, तरी खुंटावरील शिक्का साक्षीला मागे उरतो. ज्या खुंटावर तो नाही, तेथे चोरीचा संशय आलाच! म्हणूनच १९२७ च्या वन अधिनियमाने, कलम ६३ अन्वये, लबाडीने असा शिक्का बनावट उमटविणाऱ्यास किंवा असलेला नष्ट करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली.

यापूर्वी आपल्याकडे झाडांस कोणी वाली नव्हता, असे मात्र समजू नये. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी सागवानादी लाकूड परवानगीने तोडण्यास मुभा दिली. पण रयतेने वर्षानुवर्षे जोपासलेल्या आंबा-फणसांस हात लावू दिला नाही. जीर्ण झाड घ्यावयाचे तरी धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा दंडक होता. देवराईत तर देवाचे नाव हाच पहारा.

हातोड्याच्या व्यवहारात गावकऱ्याच्या या राजीखुशीस जागा उरली नाही. कोणते झाड पडावे हे शिक्का बाळगणारा ठरवी, आणि तो बहुधा परगावचा असे. सप्टेंबर १९८३ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्याच्या शिरसी तालुक्यातील साळकणीचे स्त्रीपुरुष कळसे वनात चालत गेले आणि तोडीस निवडलेल्या झाडांना त्यांनी कवटाळले. कन्नडातील मिठीच्या शब्दावरून या चळवळीस ‘अप्पिको’ नाव पडले. कुऱ्हाडी थांबल्या; शिक्के मात्र खोडांवर तसेच होते.