मुक्त सॉफ्टवेअर, पण कोणत्या संगणकावर?

देहूरोड : जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील देहूरोडच्या एका अंगाला हिंजवडीच्या संगणक कंपन्या, तर दुसऱ्या अंगाला तळेगाव-चाकणचे कारखाने आहेत. ‘मशिन लर्निंग’ म्हणजे उदाहरणांवरून संगणकाला शिकविण्याचे तंत्र दोन्हीकडे उपयोगी पडते. छायाचित्रावरून सुट्या भागावरील चरा ओळखणे, हे त्याचे कारखान्यातील ठरलेले काम. त्यासाठी लागणारी ‘टेन्सरफ्लो’ व ‘पायटॉर्च’ ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. मात्र ती हाताशी असलेल्या संगणकावर चालतीलच, अशी हमी त्यात नसते.

या सॉफ्टवेअरचे माहेर लिनक्स. गुगलने नोव्हेंबर २०१५ मध्ये टेन्सरफ्लो खुले केले, तेव्हा विंडोज वापरणाऱ्यांना वर्षभर ताटकळावे लागले. २०१७ च्या आरंभी आलेल्या पायटॉर्चमध्ये विंडोजला अधिकृत स्थान मिळाले ते एप्रिल २०१८ मध्ये. मिळालेली सोय टिकतेच असेही नाही. टेन्सरफ्लोच्या २.१० (२०२२) या आवृत्तीनंतर विंडोजवर थेट ग्राफिक्स कार्ड वापरता येत नाही. त्यासाठी विंडोजच्या पोटात लिनक्स बसवावे लागते. एनव्हिडियाची ‘कूडा’ ही गणनप्रणाली मॅकसाठी २०१९ च्या १०.२ आवृत्तीनंतर आलीच नाही.

याचे कारण सॉफ्टवेअरच्या रचनेत आहे. वापरणारा पायथन भाषेत चार ओळी लिहितो. प्रत्यक्ष आकडेमोड मात्र सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळा तयार केलेला भाग करतो. तो त्या सिस्टिमच्या मूळ ग्रंथालयांवर, ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर आणि प्रोसेसरवरही अवलंबून असतो. टेन्सरफ्लोच्या १.६ आवृत्तीपासून (२०१८) तयार संचात ‘एव्हीएक्स’ सूचना आल्या आणि त्या न समजणारे जुने प्रोसेसर जागीच थांबू लागले. लिनक्सही एकजिनसी नाही. २०२५ मध्ये आलेल्या पायटॉर्च २.७ ला ‘जीलिबसी’ हे ग्रंथालय किमान २.२८ आवृत्तीचे लागते; उबुंटू १८.०४ मध्ये ते २.२७ आहे. एवढ्याशा फरकाने गाडे अडते. त्यात, सॉफ्टवेअर बसविणारा ‘पिप’ अनेकदा ‘जुळणारी आवृत्ती सापडली नाही’ एवढेच सांगतो. दोष ऑपरेटिंग सिस्टिमचा की पायथनचा, हे वापरणाऱ्याने शोधायचे.

कारखान्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. यंत्राबरोबर आलेला संगणक विंडोज ७ वर असेल आणि यंत्राचे नियंत्रक सॉफ्टवेअर त्यावरच चालत असेल, तर तो बदलणे म्हणजे उत्पादन थांबविणे. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये निरोप दिला. त्यावर अधिकृतपणे चालणारी पायथनची शेवटची आवृत्ती ३.८, आणि पायटॉर्चने २.४ नंतर, टेन्सरफ्लोने २.१३ नंतर ३.८ ची साथ सोडली. लहान कारखानदाराला परवडणारा मार्ग असा, की जुन्या संगणकाला हात न लावता शेजारी लिनक्सवरील छोटा संगणक ठेवायचा, कॅमेरा त्याला जोडायचा आणि यंत्राकडे फक्त ‘घ्या’ किंवा ‘वगळा’ एवढा संकेत पाठवायचा. ‘डॉकर’सारख्या कंटेनरमुळे सारा संच एकत्र बांधून नेता येतो, मात्र ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मूळ संगणकावर योग्य असावाच लागतो.

मराठी मजकुराची कथा निराळी. पुण्याच्या ‘एल३क्यूब’ गटाने २०२२ मध्ये ‘महाबर्ट’ हे मराठीचे भाषा-प्रारूप खुले केले. प्रारूप म्हणजे केवळ आकड्यांची फाइल. तिला लिनक्स काय, विंडोज काय, सारखेच. पण मराठी मजकूर वाचताना ‘यूटीएफ-८’ हे संकेतन स्पष्ट नमूद केले नाही, तर विंडोजवरील पायथन तो सहसा जुन्या पाश्चात्त्य संकेतनाने वाचते. परिणामी अक्षरांचा कचरा होतो किंवा काम अर्ध्यावर तुटते. एकेकाळी ‘शिवाजी’ वा ‘कृतिदेव’ फाँटशी झगडलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. लिनक्सवर बहुधा ही अडचण येत नाही, म्हणून तेथे लिहिलेल्या प्रोग्रॅममधील चूक विंडोजवरच उघडी पडते.

शिकणाऱ्यांची ओढाताणही यातूनच होते. घरचा संगणक विंडोजचा. तर पुण्यातील सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’, जो नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील महासंगणकांच्या यादीत ६३ वा होता, लिनक्सवर चालतो. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील पाचशेच्या पाचशे संगणक लिनक्सवरचे आहेत.

दरम्यान, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चाही नियमित आधार संपला आहे. यंत्राशेजारचे जे संगणक त्यावर आहेत, त्यांची पाळी आता आली आहे.