नांगर विकायचाय? मासिक काढा!

भोरहून वेल्ह्याकडे निघालं की वाटेत भिंतीभिंतीवर जाहिराती रंगवलेल्या दिसतात. त्या वाचायच्या की नाही, हे आपल्याला कुणी विचारत नाही. खिशातला मोबाईल तर त्याहून आगाऊ, भर घाटात टिंगटिंग करतो!

भोर हे पंतसचिवांचं संस्थान. तसंच औंध पंतप्रतिनिधींचं. त्या औंध संस्थानातल्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना थाटला. माल होता लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणे. आता अशा गिऱ्हाइकाच्या कानाशी ओरडून काय होणार?

१९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. हेतू मालाच्या जाहिरातीचाच, त्यात लपवाछपवी नाही. (अमेरिकेत जॉन डिअर या नांगरवाल्या कंपनीचं 'द फरो' १८९५ पासून निघत होतं.) पण नुसती मालाची यादी कोण वाचणार? शंकररावांनी वाचण्याजोगा मजकूर दिला आणि 'खबर'चं 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. ज्यांनी आयुष्यात नांगर धरला नाही, असे लोकही वर्गणी भरून अंकाची वाट बघू लागले!

आपल्यातले बरेचजण अ‍ॅप बनवतात. पुढचं नोटिफिकेशन सोडण्याआधी एवढंच विचारा.. हे आलं नाही, तर कुणी चौकशी करेल का?