कोपनहेगनमध्ये तंजावरच्या पाऊलखुणा

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोपनहेगनला जाणारी दोन-तीन कुटुंबं आपल्या मंडळात आहेत, आणि मागच्या बैठकीनंतर प्रत्येकाने एकच विचारलं: "तिथे बघायचं काय?" जलपरीचा पुतळा आणि तिव्होली बाग तुम्हाला कोणीही सांगेल. मी आज एक पायवाट सांगणार आहे. तिला गाइड लागत नाही, तिकीटही लागत नाही. चांगले बूट घाला आणि छत्री विसरू नका. अंतर साधारण तीन किलोमीटर, पण मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस हाताशी ठेवा.

सुरुवात न्यूहाउनपासून करा. पोस्टकार्डावरची ती रंगीत घरं आणि मधला कालवा इथेच आहे. हान्स ख्रिश्चन अँडरसन याच कालव्याकाठी वेगवेगळ्या घरांत राहिला. फोटो काढा, आइस्क्रीम नंतर. कालव्याच्या टोकाला पोचलात की समोर मोठं बंदर आणि २०१६ साली खुला झालेला चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा पूल दिसेल. सायकलींची बाजू सोडून चाला, तिथे कोणी थांबत नाही.

पुलापलीकडे क्रिस्टियान्सहाउन. राजा चौथा क्रिस्टियान याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अॅमस्टरडॅमच्या धर्तीवर वसवलेली ही पेठ. स्ट्रँडगेड नावाच्या रस्त्याने उजवीकडे, बंदराला समांतर चालत राहा. जुनी गोदामं लागतात, मध्ये एक छोटा पूल लागतो, आणि मग एक चौक येतो: आशियाटिस्क प्लाड्स. म्हणजे आशियाई चौक. आज तिथे डेन्मार्कचं परराष्ट्र मंत्रालय आहे, त्यामुळे इमारती बाहेरूनच बघायच्या. पण हे अठराव्या शतकात डॅनिश एशियाटिक कंपनीचं ठाणं होतं. कँटनचा चहा आणि हिंदुस्थानचं सुती कापड याच धक्क्यावर उतरायचं.

इथे जरा थांबा, कारण आपली गोष्ट इथे सुरू होते.

इंग्रज, डच, पोर्तुगीज आणि फ्रेंच आपण शाळेत घोकले. डॅनिश लोकांचा उल्लेख एका ओळीत संपायचा. चौथ्या क्रिस्टियानने १६१६ साली पहिली ईस्ट इंडिया कंपनी काढली. १६१८ साली ओवे गेद्दे नावाचा पंचविशीही न गाठलेला सरदार जहाजं घेऊन निघाला. आधी सिंहलद्वीपात डाव टाकून पाहिला, तो फसला. शेवटी १६२० साली तंजावरचा राजा रघुनाथ नायक याच्याशी करार होऊन कोरोमंडल किनाऱ्यावरचं तरंगंबाडी हे गाव डॅनिशांना मिळालं. त्यांनी तिथे डान्सबोर्ग किल्ला बांधला. जमीन मात्र विकत मिळाली नव्हती. दरवर्षी तंजावरला खंड भरायचा होता.

आणि मग तंजावरची गादी बदलली. १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तिथे राज्य करू लागले. तेव्हापासून डेन्मार्कच्या राजाची माणसं आपला खंड भोसल्यांच्या दरबारात भरू लागली! कोपनहेगनला हजारो मैलांवर एक मराठी जमीनदार होता म्हणा ना. हा संबंध नेहमी गोडीचा नव्हता. सतराव्या शतकाच्या अखेरीस तंजावरच्या फौजेने तरंगंबाडीला वेढाही घातला होता. उलट बाजूने पाहिलं तर, तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनमध्ये १७५० साली आलेला श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री पुढे सरफोजीराजांचा गुरू आणि पालक झाला. सरस्वती महाल ग्रंथालयाला ज्यांचं नाव जोडलेलं आहे, तेच हे सरफोजी. १८४५ साली डॅनिशांनी तरंगंबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकलं.

मुलं आता कंटाळली असतील. त्यांना जवळच्या व्होर फ्रेल्सर्स चर्चमध्ये न्या. त्याच्या कळसाला बाहेरून पीळ दिल्यासारखा जिना आहे. एकूण पायऱ्या चारशे, शेवटच्या दीडशे उघड्यावर. मी अर्ध्यातून परतले, सांगायला लाज नाही. पण आत जाऊन ऑर्गन जरूर बघा. तो भलाथोरला ऑर्गन दोन हत्तींच्या पाठीवर उभा आहे. डेन्मार्कचा सर्वोच्च सन्मान 'ऑर्डर ऑफ द एलिफंट', म्हणून हत्ती. आमच्या धाकटीला संपूर्ण शहरातलं एवढंच आठवतं.

तिथून क्निपेल्सब्रो पूल ओलांडला की जुना शेअर बाजार, बर्सन. चौथ्या क्रिस्टियाननेच बांधलेला. चार ड्रॅगनांच्या शेपट्या एकमेकींत गुंफून केलेला त्याचा कळस १६ एप्रिल २०२४ च्या आगीत कोसळला. आत जाऊन चित्रं वाचवणारी माणसं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. पुढे डाव्या हाताला वळून राजवाड्याच्या बेटावर या आणि रॉयल लायब्ररीच्या बागेत बसा. आज जिथे गवत आणि कारंजं आहे, तिथे चौथ्या क्रिस्टियानच्या काळी पाणी होतं. त्याच्या आरमाराची जहाजं इथे दारूगोळा आणि शिधा भरून घ्यायची.

या वाटेवरचा हाच मुक्काम मला सगळ्यात जवळचा, आणि इथे बघण्यासारखं काहीच नाही. डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात रघुनाथ नायकाचं ताडपत्राच्या आकाराचं सोन्याच्या पत्र्यावरचं पत्र जपलेलं आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे डॅनिश संग्रहांत तंजावरचे मोडी कागद आहेत. भोसल्यांच्या राज्यातून तरंगंबाडीमार्गे इथवर आलेली, बोरूने लिहिलेली मराठी. हे काचेच्या कपाटात मांडलेले नाहीत, सहज दिसणार नाहीत. एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग या संशोधक बाईंनी ते वाचले, लिप्यंतर आणि भाषांतर केलं आणि १९८३ साली पुस्तकरूपाने छापले.

मोडीत आधी कागदभर ओळ आखून घेतात आणि हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ओळखायचं. आमच्या साताऱ्याच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत असेच कागद होते. जमिनीचे असतील, उसनवारीचे असतील, कदाचित पत्रंही असतील. घरात ते कोणालाच वाचता येत नव्हते. १९९४ साली घर विकलं तेव्हा मी इकडे होते, भावाने फोनवर विचारलं, "यांचं काय करू?" मी म्हटलं, "वाचता येत नाहीत तर ठेवून काय करणार?"

त्या बागेतल्या बाकावर बसून मी हे माझ्या मुलींना सांगितलं. मोठीने विचारलं, "मग त्यात काय लिहिलं होतं, आई?"