लिंबू, डुकराचे मांस आणि श्रद्धेची परीक्षा

स्पेनच्या पश्चिमेस, सालामांका प्रांताच्या दक्षिण टोकाला सिएरा दे फ्रान्सिया नावाची डोंगररांग आहे. तिच्या १,७०० मीटरहून उंच शिखरावर पवित्र मरियेचे तीर्थस्थान आहे. १४३४ साली सिमोन व्हेला नावाच्या फ्रेंच यात्रेकरूला तेथे मरियामातेची मूर्ती सापडली, अशी परंपरा सांगते. शिखरावर कडाक्याची थंडी असली तरी खालच्या दऱ्यांत हवा उबदार असते आणि तेथे ऑलिव्ह, लिंबू व संत्री पिकतात. या दोन्ही हवामानांनी मिळून त्या डोंगराला एक आगळे पक्वान्न दिले आहे. त्याचे नाव 'लिमोन सेरानो', म्हणजे डोंगरी लिंबू.

हे पक्वान्न म्हणजे एक प्रकारची कोशिंबीर. लिंबू व संत्रे सोलून, पांढरी साल काढून त्यांच्या फोडी करतात. त्यांवर लसूण, मीठ, ऑलिव्हचे तेल आणि थोडा द्राक्षरस घालतात. मग त्यात चोरिझोचे तळलेले तुकडे आणि अंडी मिसळतात. चोरिझो हा आपल्या गोव्याच्या चोरीसचा सख्खा भाऊबंद. हिवाळ्यात डुक्कर मारून, मांसाला मीठमसाला लावून ते टिकवायचे आणि त्याचा स्निग्धपणा लिंबाच्या आंबटपणाने तोडायचा, अशी ही साधी शेतकरी युक्ती आहे.

परंतु या ताटाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे मन थबकते. लिंबू व कडू संत्रे स्पेनमध्ये आणले ते अरबांनी. संत्र्याला स्पॅनिश भाषेत 'नारांखा' म्हणतात. संस्कृत 'नारंग' हा शब्द फारसी आणि अरबी भाषांतून प्रवास करीत तेथे पोहोचला. आपले 'नारिंग' त्याच कुळातले. चोरिझोला लाल रंग देणारी मिरची आली अमेरिकेहून. डुकराचे मांस मात्र मुसलमानांना व यहुद्यांना निषिद्ध आणि म्हणूनच ख्रिस्ती घराची खूण मानले गेलेले.

१४९२ हे वर्ष या तिन्ही धाग्यांची गाठ आहे. २ जानेवारीला ग्रानादाचे शेवटचे मुसलमानी राज्य संपले. ३१ मार्चला यहुद्यांच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. ३ ऑगस्टला कोलंबसाची जहाजे निघाली. याच डोंगरांच्या आग्नेयेस असलेल्या बेहार गावात यहुदी वस्ती होती. या भागातील अनेक यहुद्यांनी सिउदाद रोद्रिगोच्या वाटेने पोर्तुगालची सीमा ओलांडली. जे राहिले त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना 'नवख्रिस्ती' म्हणू लागले आणि त्यांच्यावर इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मसमीक्षण सभेची नजर राहिली.

ही नजर थेट स्वयंपाकघरात शिरली. आंद्रेस बेर्नाल्देस हा त्या काळचा बखरकार. तो सेव्हिलजवळच्या लोस पालासिओस गावचा धर्मगुरू होता. नवख्रिस्ती लोक डुकराची चरबी टाळून मांस तेलात शिजवतात, कांदालसूण घालतात आणि त्यामुळे त्यांच्या घरांना व दारांना वास येतो, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. तेलाचा वास हा अश्रद्धेचा पुरावा ठरला! मीही एका धर्मग्रामाचा मेंढपाळ आहे. माझ्यासारख्याच एका धर्मगुरूने आपल्या लोकांच्या चुलींचा असा वास घेत हिंडावे, हे वाचताना मला लाज वाटते.

ही परीक्षा आपल्या किनाऱ्यावरही आली. गार्सिया द ओर्ता या वैद्याचे आईवडील स्पेनमधून पोर्तुगालमध्ये गेलेले यहुदी होते. सालामांका आणि अल्काला येथील विद्यापीठांत तो शिकला आणि १५३४ साली भारतात आला. पोर्तुगीजांकडून त्याला मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळाले होते. १५६३ साली गोव्यात त्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ छापला गेला. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या धर्मसमीक्षण सभेने त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले. १५८० साली त्याच्याही अस्थी उकरून जाळण्यात आल्या. १५६० साली स्थापन झालेली ही सभा १८१२ मध्ये कायमची बंद झाली. तत्पूर्वी, १७३६ च्या जाहीरनाम्यात, हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवण्याचीही तिने गोव्याच्या ख्रिस्ती लोकांना मनाई केली होती.

माणसाच्या तोंडात जाणारे अन्न त्याला अशुद्ध करीत नाही, तर अंतःकरणातून बाहेर येणारे त्याला अशुद्ध करते, ही प्रभू येशूची शिकवण. याच शिकवणीमुळे आपण सर्व अन्न खाण्यास मोकळे झालो. त्या मोकळिकीचीच पुढे सक्ती व्हावी, यासारखे दुर्दैव ते कोणते? १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोम येथे सत्याच्या नावाने झालेल्या हिंसेबद्दल आणि यहुदी लोकांवरील अन्यायाबद्दल देवाची क्षमा मागितली. त्या क्षमायाचनेत कातारिनाही आली, असे मी मानतो.

हे सारे फार जुने झाले, असे कोणी म्हणेल. काही वर्षांपूर्वी मी एका लग्नघरी आशीर्वाद द्यायला गेलो होतो. नवी सून लग्नापूर्वी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्तसभेत आलेली. पंक्तीत तिने डुकराच्या मांसाचे भांडे हळूच पुढे सरकवले. तेव्हा एक आजीबाई कुजबुजल्या, "फादर, ही अजून पुरती आपली झाली नाही हो!" मी काही बोलण्याआधीच तिच्या सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि सुनेसाठी डाळभात, लोणचे व लिंबाची फोड घेऊन आल्या. ताट तिच्यापुढे ठेवून त्या तिच्याच शेजारी जेवायला बसल्या.

सिएरातल्या त्या ताटात अरबांचे लिंबू, पूर्वी संशयास्पद ठरलेले तेल व लसूण आणि जुन्या ख्रिस्ती घरातले डुकराचे मांस आज एकत्र नांदते. आपल्या घरच्या पंक्तीतही प्रत्येकाला त्याच्या ताटासह जागा मिळावी, एवढीच प्रार्थना.